मदत हवी आहे: जुन्या लोखंडी नांगराबद्दल

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातली. तंत्रज्ञानाच्या इतिहासाचा ऑनलाइन कोर्स करतेय. गेल्या आठवड्यात चर्चेला विषय होता, नवं यंत्र लोक लगेच का स्वीकारत नाहीत. मी आपल्या बेळगावचंच उदाहरण दिलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये इथं सायकलचं दुकान काढलं, पुढे कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर केले. पण लोखंडानं जमीन नासते, या समजुतीनं शेतकरी सुरुवातीला नांगर घेईनात. १९१० मध्ये कारखाना किर्लोस्करवाडीला हलला.

त्यावर एकीनं विचारलं, यात शेतकऱ्यांचं म्हणणं कुठं आहे? प्रश्न अगदी खरा. मला जे सापडलं ते सगळं कारखान्याच्या बाजूनं सांगितलेलं.

म्हणून विचारते, कुणाच्या गोठ्यात जुना लोखंडी नांगर पडून आहे का? त्यावरची ओतीव अक्षरं दिसतील असा फोटो हवा. किती बैल जुंपायचे, फाळ कोण बदलून द्यायचं, लाकडी नांगर कधी सुटला, एवढं आज्जा-आज्जीला विचाराल का? आमच्या घरचा भंगारात गेला, त्याची फार हळहळ वाटते. त्यांचं बोलणं कन्नड मिसळलेलं असलं तरी तसंच पाठवा. निबंध पुढच्या रविवारपर्यंत द्यायचाय.