विषय: पिप असेसमेंट, फुफ्फुसं आणि आपलं "मस्त!"

प्रेषक: कॉलेज रोडची (सध्या माहेरी, नाशिक)

नमस्कार मंडळी,

हळदीकुंकवाच्या मेलांमध्ये हा मेल घुसवतेय, राग मानू नका. मला ब्राँकिएक्टॅसिस आहे. मंडळातल्या निम्म्या लोकांना हे माहीत नसेल, कारण मी सांगतच नाही. लहानपणी न्यूमोनिया झाला, त्यात श्वासनळ्या कायमच्या रुंदावल्या. आता कफ साठतो, इन्फेक्शन होतं, की पुन्हा कफ.

पिपचा (पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, म्हणजे आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे रोजची कामं अवघड झालेल्यांना ब्रिटनमध्ये मिळणारा सरकारी भत्ता) फॉर्म भरून दिलाय. मी १८ तारखेला इंग्लंडला परत येतेय आणि २२ ला फोनवर असेसमेंट आहे. कागदावर लिहिलं ते तोंडाने कसं सांगायचं, याचंच दडपण आलंय. काल शेजारच्या काकूंनी विचारलं, "कशी आहेस गं?" आणि तोंडातून आपोआप निघालं, "मस्त!" तेव्हा मी आईकडचे दोन जिने चढून कठडा धरून उभी होते.

कोणी यातून गेलंय का? आणि आणखी एक शंका. दोन महिने नाशिकला राहिले म्हटल्यावर "एवढा प्रवास झेपतो म्हणजे ठणठणीत आहे" असं तर नाही ना होणार?

प्रेषक: ग्लासगोकर

ताई, तुम्ही इंग्लंडमध्ये आहात म्हणून पिप. स्कॉटलंडमध्ये आता त्याजागी अडल्ट डिसॅबिलिटी पेमेंट आहे, म्हणून माझा अनुभव तुम्हाला जसाच्या तसा लागू पडणार नाही. शुभेच्छा. (हॉलच्या पार्किंगचं कोण बघतंय? वेगळा मेल टाकतो.)

प्रेषक: सातपूरचा

तुझं ते "मस्त!" वाचून आधी हसलो, मग पोटात कालवलं. माझा पहिला अर्ज याच शब्दाने बुडाला होता.

मी सातपूरला कारखान्यात अकरा वर्षं ग्राइंडिंगवर काढली, जोडीला बिड्या. सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागण्याचा कायमचा आजार) व्हायला आणखी काय लागतं? असेसमेंटच्या दिवशी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, पाहुण्यांकडे निघाल्यासारखा. कसे आहात? "फाइन, थँक यू." दुकानात जाता? "हो." स्वयंपाक येतो? "येतो की." निकाल आला, दोन्ही भागांत शून्य. कागद वाचला तर त्यात खोटं काहीच नव्हतं. मीच अर्धी अर्धी वाक्यं बोलून आलो होतो. मग महिन्याच्या आत मँडेटरी रिकन्सिडरेशन, म्हणजे निकालाचा फेरविचार, मागितलं आणि तीच वाक्यं पुरी करून पाठवली. दुकानात जातो, पण ट्रॉलीवर रेलून, दोनदा थांबून, आणि घरी आल्यावर तासभर सोफ्यावर, बोलणं बंद. मग कुठे निकाल बदलला.

तुझा स्कॅन कितीही वाईट असो, त्याला गुण नाहीत. गुण आहेत ते रोजच्या जगण्यातल्या दहा कामांना आणि हिंडण्याफिरण्याच्या दोन गोष्टींना. दोन्ही भागांची बेरीज वेगवेगळी, ८ झाले की साधा दर, १२ ला वाढीव. काम "जमतं" म्हणायचं कधी? सुरक्षितपणे, धड, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळात जमलं तर. निरोगी माणसाच्या दुपटीपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर ते जमत नाही असंच धरतात. आणि ही अवस्था निम्म्याहून जास्त दिवस असली पाहिजे. म्हणून आजपासून वही ठेव. चांगले दिवससुद्धा लिही, नाहीतर वाईट दिवस किती ते मोजणार कशावरून?

चालण्याचा प्रश्न आला की सगळे फसतात. "किती चालता?" म्हटलं की आपण मिनिटं सांगतो. तू "पाचेक मिनिटं" म्हणालीस की समोरचा गणित मांडतो, पाच मिनिटं म्हणजे तीनशे मीटर. गुण मात्र मीटरवर आहेत. २०० मीटरच्या पुढे जाता येत असेल तर शून्य. ५० ते २०० मध्ये ४. काठीबिठी न घेता २० च्या पुढे पण ५० च्या आत, तर ८. तू पाच मिनिटांत तीनदा थांबतेस, ते त्या आकड्यात कुठे दिसतं? हल्ली मी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर जातो, चालायला कमी आणि बाकड्यांमधली अंतरं मोजायला जास्त. लोक वेडा समजतात.

आता भाषेचं. आपण "दम लागतो" म्हणतो आणि इंग्रजीत सांगताना "आय गेट टायर्ड" म्हणून मोकळे होतो. दमणं वेगळं आणि दम लागणं वेगळं, हे आपल्याला कळतं, फोनवरच्या माणसाला कसं कळणार? तो "थकवा" लिहितो. "ब्रेथलेस" म्हण. वाक्य तोडून बोलावं लागतं ते सांग, थांबून श्वास घ्यावा लागला तर मधेच थांबून घे. नवऱ्याला शेजारी बसव, सोबत माणूस चालतो. त्याला तुझ्या "मस्त" वर नजर ठेवायला सांग.

नाटक मात्र अजिबात नको. आहे तेवढंच सांग, पण सगळं सांग.

प्रवासाचं म्हणशील तर तात्पुरतं बाहेर राहणं १३ आठवड्यांपर्यंत चालतं, पण चार आठवड्यांवर जायचं असेल तर कळवावं लागतं. कळवलंस ना? आणि मुंबई विमानतळावर व्हीलचेअर घेतली होतीस का? घेतली असशील तर तेही सांग. नसशील तर का नाही, तेही.

प्रेषक: इंदिरानगरची

मी फिजिओ आहे, म्हणून एकच भर. थेरपीच्या प्रश्नाकडे लोक लक्ष देत नाहीत. कफ काढायला तुझा नवरा पाठ थोपटतो ना? दिवसातून दोनदा वीस वीस मिनिटं धरली तर आठवड्याची २८० मिनिटं, म्हणजे साडेचार तासांवर. दुसऱ्याची मदत आठवड्याला साडेतीन ते सात तास लागत असेल तर तिथे ४ गुण आहेत. पण ते करायला डॉक्टरने, नर्सने किंवा फिजिओने सांगितलेलं असलं पाहिजे. नुसतं "नवरा मदत करतो" म्हणून सोडू नकोस, मिनिटं सांग.

डॉक्टरांच्या पत्रात "ब्राँकिएक्टॅसिस आहे" एवढंच असेल तर त्याचा फारसा उपयोग नाही. तुझ्या रेस्पिरेटरी नर्सला चालणं, अंघोळ, वर्षातली इन्फेक्शन्स, अँटिबायोटिकचे कोर्स याबद्दल चार ओळी लिहायला सांग. अंघोळीच्या वाफेने खोकला येतो का, स्टुलावर बसावं लागतं का? स्वयंपाकाच्या प्रश्नात पुरणपोळी आणू नकोस. एका माणसाचं साधं, ताज्या जिन्नसांचं जेवण, एवढंच विचारतात. फोडणीच्या धुराने किचनबाहेर पळावं लागतं हे मात्र सांग.

प्रेषक: पंचवटीकर, लेस्टर

थोडं विषयांतर. आईलाही सीओपीडी आहे, ती नाशिकलाच असते. तिला सिव्हिलमधून अपंगत्वाचं सर्टिफिकेट मिळेल का?

प्रेषक: सातपूरचा

नुसत्या फुफ्फुसावर नाही मिळणार. भारताच्या २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. थॅलेसेमिया आहे, सिकल सेल आहे, पार्किन्सन्स आहे. सीओपीडी नाही. बाकी सांधे, कान, डोळे यांचं काही असेल तर त्यावर बघता येईल. इथे आपल्या दमाला रकाना तरी आहे, तिथे तोही नाही.

प्रेषक: कॉलेज रोडची

काका, ताई, तुमचे मेल आईला वाचून दाखवले. पुरणपोळी वगळायची हे काही तिला पटलं नाही.

व्हीलचेअर घेतली नव्हती. लाज वाटली. सिक्युरिटीच्या रांगेत बॅगेवर बसून राहिले आणि मागच्यांना पुढे जाऊ दिलं. लिहून ठेवलंय. दोन महिन्यांचं निघण्याआधीच कळवलं होतं.

काल संध्याकाळी बाबांना मोजण्याचं सांगितलं. ते मेरीतून (नाशिकची सरकारी अभियांत्रिकी संशोधन संस्था) रिटायर झालेत, माळ्यावरून तीस मीटरचा टेप काढला. आमच्या फाटकापासून पिठाच्या गिरणीच्या दिशेने निघालो. बाबा मागे टेप धरून, मी पुढे. लहानपणी मी खोकले की त्यांचं ठरलेलं वाक्य असायचं, "काही होत नाही, चल." पहिल्यांदा थांबावं लागलं ते ४१ मीटरवर. कालचा दिवस बरा होता तरी. त्यांना वाटलं टेप सैल धरला गेला असेल, म्हणाले पुन्हा मोजू. मी पाच मिनिटं ओट्यावर बसले आणि परत निघाले. २८.

"पुन्हा पुन्हा" म्हणजे काय, ते तेव्हा मला समजलं. बाबांनाही समजलं असावं. काही बोलले नाहीत. टेप गुंडाळला, माझ्या वहीत दोन्ही आकडे लिहिले, तारीख घातली आणि ऑफिसातल्या सवयीने खाली सही केली.