पिल्लाच्या पहिल्या रात्री: रडणं, शू आणि सलग झोप

कुत्र्याचं नवं पिल्लू घरी आलं की आठ-दहा रात्री सगळ्यांचीच झोपमोड होते. काय केल्यावर ते लवकर रुळतं, ते नेमकं लिहा: किती वाजता, किती, कुठे. गमतीजमती दुसऱ्या धाग्यावर.

ठाणे
आणण्याआधी वय विचारा. आठ आठवडे पुरे झाल्याशिवाय पिल्लू आईपासून तोडू नये. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७च्या नियमांनुसार आपल्याकडे त्याहून लहान पिल्लू विकताही येत नाही. शक्यतो सकाळी आणा, म्हणजे रात्रीपर्यंत घराचे वास ओळखीचे होतात. दोन दिवस आधी जुन्या सुती साडीचा तुकडा त्याच्या आईच्या अंथरुणात ठेवायला द्या आणि न धुता आणा. पहिल्या रात्री तोच अंगाखाली घाला.

आणि कळकळीने सांगते, "रडू दे, रडून रडून गप्प बसेल" असा सल्ला कोणी देऊ नका. भावंडांच्या ढिगात झोपणारं ते पिल्लू जन्मात पहिल्यांदा एकटं पडलेलं असतं. ते गप्प बसतं ते दमून. दुसऱ्या दिवशी तीच जागा दिसली की झोपायच्या आधीच कुंईकुंई सुरू होते. पिल्लाला झोपवायचा जाळीचा पिंजरा पलंगाला लागून ठेवा, लोंबता सोडलेला हात जाळीपर्यंत पोचला पाहिजे. खाली गादी घालून शेजारी झोपलात तर उत्तमच. सलग चार-पाच रात्री शांत गेल्या की रोज हातभर दाराकडे सरकवा. पुन्हा रडलं तर आदल्या रात्रीच्या जागी परत.

नाशिक
पिंजऱ्यात उभं राहता यावं, गोल फिरता यावं, पाय ताणून आडवं होता यावं. त्याहून मोठा नको, नाहीतर पिल्लू एका कोपऱ्यात शू करून दुसऱ्या कोपऱ्यात झोपतं. लॅब्राडोरसारखं वाढणारं पिल्लू असेल तर मोठा घेऊन आत जाळीचा आडोसा लावा. पहिले दोन दिवस दार उघडं ठेवून जेवण आतच द्या. रात्री आत घालताना गळ्यातला पट्टा काढा. बक्कल जाळीत अडकलं तर फास बसतो.

सातारा
शूचा ढोबळ हिशोब: वय जितके महिने, त्यात एक मिळवा, तितके तास. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू तीन तास धरतं, गाढ झोपेत थोडं जास्त. अकराला शेवटची शू, मग दोन आणि पाचचा गजर. रडायच्या आधी आपण उठायचं, हे महत्त्वाचं. उचलूनच न्या, चालवत नेलं तर उंबऱ्यापाशीच होते. दिवा मंद, बोलणं नाही, खेळ नाही, एकाच जागी चार-पाच मिनिटं उभं राहायचं. झाली की हळू आवाजात शाबासकी आणि थेट आत. नाही झाली तरी आत, पंधरा मिनिटांनी पुन्हा. तीन रात्री कोरड्या गेल्या की गजर वीस मिनिटांनी पुढे ढकला. चार महिन्यांच्या आसपास बरीचशी पिल्लं सहा-सात तास झोपतात. चणीने लहान जातींना जास्त वेळ लागतो.

रडण्यातला फरक ओळखायला शिका. आत घातल्याबरोबरची कुंईकुंई जाळीवर बोटं ठेवली की उतरत जाते. गाढ झोपेतून उठून, वळवळत, जमीन हुंगत केलेलं रडणं शूचं किंवा शीचं. तेव्हा थांबू नका.

पनवेल
वरच्या प्रतिसादाला पुरवणी: लसी पूर्ण होईपर्यंत भटकी कुत्री फिरतात त्या मातीत पिल्लू सोडू नका. पार्वो या जीवघेण्या जुलाबांच्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. गॅलरीत किंवा न्हाणीघरात माती भरलेला पसरट ट्रे ठेवा. घरात शू झालीच तर फिनाईल नको. पिल्लू पंजे चाटतं आणि ते पोटात जातं. आधी कागदाने टिपा, मग एंझाईमचं (शूचा वास मुळातून घालवणारं) क्लीनर वापरा. वास राहिला तर पुन्हा तिथेच होणार.

कोल्हापूर
निम्म्या रात्री बिघडतात त्या दूध-पोळीने. बऱ्याच पिल्लांना गाई-म्हशीचं दूध पचत नाही, रात्री दोनदा-तीनदा पातळ शी होते. आधीच्या घरी जे खात होतं तेच सुरू ठेवा आणि नवीन खाणं सात दिवसांत हळूहळू मिसळा. शेवटचं जेवण सातच्या सुमारास. अगदी चिमुकल्या जातींना मात्र झोपण्याआधी दोन घास द्या, रक्तातली साखर उतरू शकते. नऊनंतर पाणी उचला असं बरेच जण सांगतात. एप्रिल-मेच्या उकाड्यात मला ते मान्य नाही. वाटी असू द्या, फार तर एक गजर वाढवा.

संध्याकाळी पिल्लू उधळतं, चावतं, ते बहुतेक वेळा झोप अपुरी झाल्यामुळे. दिवसाकाठी १८ ते २० तास झोप लागते. मुलांना सांगा, झोपलेलं उचलायचं नाही.

रत्नागिरी
पावसाळ्यात फरशीला ओल येते. अंथरूण लाकडी पाटावर घाला, गोणपाट रोज बदला. बंद खोलीत डासांची कॉइल लावू नका.

जुन्नर
शेतावर किंवा वाडीत राहणाऱ्यांनी पिल्लू रात्री ओट्यावर, अंगणात अजिबात ठेवू नये. बिबट्याला ते सहज मिळणारं भक्ष्य, आणि बांधलेलं असेल तर पळताही येत नाही. रात्रीच्या शूला नेतानाही बॅटरी घ्या, उसाच्या कडेला जाऊ नका, दारापासून चार पावलांवरच उरका.