बिलची आई कुठे राहते? : मूळ न सापडणारे ब्रिटिश बोलीतले शब्द (अनुभव धागा)

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. शब्दांच्या बाबतीत मला ते कधीच जमलं नाही. बारा वर्षं लेस्टरला आहे. शाळेतल्या इंग्रजीवर ऑफिस निभावलं, पण शेजारपाजारची, बसमधली बोली निराळीच. त्यातले काही शब्द कुठून आले, हे बोलणाऱ्यांनाही सांगता येत नाही. असा शब्द तुमच्या कानावर पहिल्यांदा कधी पडला, कोणाच्या तोंडून? जरूर लिहा.

सुरुवात मी करते. मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. कुंपणापलीकडून शेजारच्या आजी आभाळाकडे बघत म्हणाल्या, "इट्स ब्लॅक ओव्हर बिल्स मदर्स." मला वाटलं, कोणा बिलच्या घरी दुःखद घटना घडली. मी काळजीनं विचारलं, "त्यांची आई बरी आहे ना?" आजी म्हणाल्या, "कपडे काढ पोरी, पाऊस येतोय." सर आलीच. ओली चादर आम्ही दोघींनी दोन टोकांना धरून पिळली. इकडे ईस्ट मिडलंड्समध्ये आभाळ भरून आलं की असं म्हणतात. बिल म्हणजे शेक्सपिअर असं कोणी सांगतं, कोणी जर्मनीचा कैसर विल्हेल्म. आजींना विचारलं तर म्हणाल्या, "माझी आई म्हणायची." मला हेच उत्तर सगळ्यात पटलं. आजी गेल्या वर्षी गेल्या. आता काळे ढग दिसले की लेकीला मी तेच वाक्य ऐकवते.

*

क्रॉयडनहून. माझे ड्रायव्हिंगचे मास्तर गाडी मागे घ्यायला शिकवताना म्हणायचे, "आरशात बघ, चाक पूर्ण वळव, सावकाश सोड, अँड बॉब्ज युअर अंकल!" म्हणजे झालं काम. यामागची गोष्ट प्रसिद्ध आहे: १८८७ साली पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी, म्हणजे रॉबर्ट, म्हणजेच बॉब, यांनी आपला भाचा आर्थर बाल्फोर याला आयर्लंडचा मुख्य सचिव केलं. मामा बॉब असला की काय अडणार! गोष्ट झकास आहे, पण हा वाक्प्रचार लिखाणात दिसतो तो थेट १९२०च्या दशकात. इतकी वर्षं तो कोणीच लिहू नये? मला नाही पटत.

*

माझ्या आजोबांचा कराडला गोटी सोड्याचा गाडा होता. मँचेस्टरच्या गोदामात कामाला लागलो तेव्हा पगारकपातीची अफवा उठली होती. आमचा सुपरवायझर म्हणाला, "लोड ऑफ कॉड्सवॉलप!" निव्वळ थापा. घरी येऊन शब्द शोधला आणि समोर आजोबांची बाटली! मानेला तशाच दोन खोबणी, आत तशीच काचेची गोटी. आजोबा अंगठ्यानं गोटी दाबायचे तो फस्स आवाज कानात घुमला. हायरम कॉड या इंग्रजानं १८७२ मध्ये या बाटलीचं पेटंट घेतलं होतं. 'वॉलप' म्हणजे बोलीत बिअर. तर बिअरवाल्यांनी कॉडच्या सोड्याला हिणवून कॉड्सवॉलप म्हटलं, अशी कथा. पुढे वाचत गेलो आणि मन खट्टू झालं. शब्दाची लेखी नोंद १९५९च्या सुमाराची, पुराव्याचा दुवाच नाही. ही व्युत्पत्ती खरी निघायला हवी होती, फार वाटतं. बाटली मात्र खरीच त्याची.

*

क्विड! पौंडाला सतराव्या शतकापासून म्हणतात. लॅटिनकडे बोट दाखवतात, खात्री कोणालाच नाही. 'फाइव्ह क्विड्स' म्हटलं की मंडईतला भाजीवाला लगेच दुरुस्त करायचा: "फाइव्ह क्विड, लव्ह." अनेकवचन होत नाही, हे मी त्याच्याकडून शिकले.

*

मूळ सापडलेला शब्द चालेल का? वृद्धाश्रमात काम करते. एक आजोबा इंग्लंडला 'ब्लायटी' म्हणायचे. त्यांचे वडील पहिल्या महायुद्धात खंदकात होते. मायदेशी पाठवतील एवढीच जखम झाली, की शिपाई तिला 'ब्लायटी' म्हणत. मी त्यांना सांगितलं, हा शब्द आमच्याकडचा, विलायतीचा बिलायती आणि त्याचा ब्लायटी. आमच्या दारात विलायती चिंचेचं झाड होतं, तेही सांगितलं. त्यांनी माझ्याकडून शब्द तीनदा म्हणवून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेले तर स्वतःशीच घोकत होते, "विलायती, विलायती."