घडवंची, तिवई की स्टँड? आणि 'गुण्यात नाही' म्हणजे नेमकं काय?

विचारणा
चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच अशा माशांच्या काचेच्या टाकीसाठी लोखंडी स्टँड कसं करायचं, हे मराठीत लिहायचं आहे. 'स्टँड'ला तिवई म्हणावं का? आणि फॅब्रिकेशनवाले 'चौकट गुण्यात नाही', 'तिढा आहे', 'झोल आलाय' म्हणतात, ती एकच तक्रार की तीन वेगळ्या?

प्रतिसाद १
तिवई नको. तिवईत 'तीन' आहे. तीन पायांची वस्तू कशाही जमिनीवर टेकते, डुगडुगत नाही. चार किंवा सहा पायांची डुगडुगते, आणि इथली सगळी मेहनत तेवढ्यासाठीच आहे. अडणी म्हणजे शंखाखालची किंवा ताटाखालची, ती फार लहान. मांडणी भांड्यांची.

नेमका शब्द आहे घडवंची. घडा आणि मंच, म्हणजे पाण्याचे घडे ठेवायचा मंच. आज माळ्यावरचं काही काढायला चढतात त्या उंच स्टुलालाही घडवंची म्हणतात, पण मूळ काम पाणी पेलण्याचं. टाकीखालच्या स्टँडला याहून चपखल शब्द सापडणार नाही. शीर्षकात घडवंची लिहा, पुढे स्टँड आलं तरी चालेल.

प्रतिसाद २
तिन्ही तक्रारी वेगळ्या, आणि तिन्हींचा इलाजही वेगळा.

*गुण्यात नाही*: कोपरा ९० अंशांत नाही. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार. एवढ्या मोठ्या चौकटीला छोटा गुण्या पुरत नाही, म्हणून कर्ण मोजतात. १२२० बाय ४६० मिमीच्या चौकटीचे दोन्ही बाहेरचे कर्ण १३०४ मिमी यायला हवेत. एक १३०७ आणि दुसरा १३०१ आला, तर लांब कर्णाच्या कोपऱ्यांवर शिकंजा लावून दाबायचं.

*तिढा*: कोपरे काटकोनात आहेत, पण चारही एका पातळीत नाहीत. पेपरातला 'जागावाटपाचा तिढा' इथूनच आला. हा दोष कर्ण मोजून कळत नाही. दोन्ही कर्णांवर सूत ताणून बांधा, मध्ये दोन्ही सुतं एकमेकांना नुसती टेकली पाहिजेत. मध्ये १ मिमी फट दिसली तर एक कोपरा जवळजवळ २ मिमी उचललेला आहे. टाकीचा तळ तीनच कोपऱ्यांवर बसतो आणि पाणी भरताना काच किंवा सिलिकॉनचा जोड जातो.

*झोल*: हा दोरीला, वायरीला, कपड्याला येतो. पाइपाला *बाक* येतो. कारागीर झोल म्हणतात ते समजून घ्यावं, लिहिताना बाक लिहावं.

प्रतिसाद ३
बाकाचा हिशेब द्यायलाच हवा. या टाकीत पाणी ३०० लिटरच्या वर, १२ मिमी काचेचं वजन ८० किलोच्या आसपास, वर वाळू. एकूण साधारण ४५० किलो. ४० बाय ४० चा २ मिमी जाडीचा चौकोनी पाइप घेतला आणि चारच पाय दिले, तर लांब आडव्याला मध्यावर ३ मिमीच्या आसपास बाक येऊ शकतो. पाइप मोडणार नाही, पण काचेला ३ मिमी फार झाले. मध्ये एकेक पाय दिला की गाळा, म्हणजे दोन पायांमधलं अंतर, निम्मा होतो आणि बाक सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून पाय सहा.

दुकानात '१४ गेज' मागा, तो २ मिमी. १८ गेज सव्वा मिमीचाच असतो. आकडा वाढला की जाडी कमी, इथे बरेच जण फसतात. सूत हे मापही आहे बरं का: इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत ३ मिमीहून किंचित जास्त.

कापणी (मिमीत): १२२० चे ४ लांब आडवे, ३८० चे ६ रुंदीचे आडवे, ६८० चे ६ पाय. एकूण सव्वाअकरा मीटर, म्हणजे ६ मीटरचे दोन नग पुरतात. पहिल्यातून १२२० चे चारही, एक ६८०, एक ३८०, उरलेले दुसऱ्यातून. तयार उंची ७६० मिमी.

प्रतिसाद ४
कृतीत एक क्रियापद जपून वापरा. वरचा आडवा पायाच्या माथ्यावर *बसला* पाहिजे, पायाच्या कुशीला *चिकटला* नव्हे. बसला तर भार लोखंडातून लोखंडात सरळ जमिनीकडे जातो. चिकटला तर सगळा भार वेल्डच्या शिवणीवर लटकतो. वरच्या यादीतले पाय ६८० चे आहेत ते याचसाठी: ७६० मधून वरचे ४० आणि खालचे ४० वजा.

विचारणा करणारे
वेल्डिंगला 'डाख देणे' चालेल?

प्रतिसाद २
नाही. डाख म्हणजे वेगळा, लवकर वितळणारा धातू ओतून सांधणं. तांब्या-पितळेच्या भांड्यांचं काम. वेल्डिंगमध्ये पाइपाचं लोखंडच वितळतं. वेल्डिंगच लिहा.

आधी सगळ्या सांध्यांना टाके, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके, मारायचे (टॅकच, पण टाका शब्द अगदी बसतो), मग कर्ण आणि सूत पाहायचं, मगच शिवण पूर्ण करायची. २.५ मिमीचा रॉड, ६० ते ८० अँपिअर. एका कोपऱ्यावर थोडं, मग समोरच्या कोपऱ्यावर. शिवण निवताना आकसते आणि चौकटीला आपल्याकडे ओढते. एकाच बाजूने सलग भरत गेलात तर तिढा तिथेच येतो. वरच्या पृष्ठावर आलेला उंचवटा ग्राइंडरने सपाट करा, नखाला लागता कामा नये. बाजूच्या शिवणी मात्र घासून पातळ करू नका.

मागच्या दोन गाळ्यांत २५ बाय ५ ची पट्टी तिरकी लावा, प्रत्येकी साधारण ८७५ मिमी. एकीचा कल उजवीकडे, दुसरीचा डावीकडे. पट्टी फक्त ताण घेते, दाब आला की वाकते, म्हणून दोन्ही कल लागतात. पाइपाची उघडी तोंडं बंद करून मग रेड ऑक्साइड आणि रंग.

प्रतिसाद १
'पाणसळीत', म्हणजे आडव्या समपातळीत, हा शब्दही घाला. गुण्यात आणि बिनतिढ्याचं स्टँड उताराच्या फरशीवर ठेवलं, तर ते पाणसळीत नसतं. खालच्या चौकटीखाली, पायांच्या रेषेतच, पत्र्याचे तुकडे सारून ते जमवायचं.

प्रतिसाद ३
वर १८ मिमी मरीन प्लाय, त्यावर १० मिमी थर्माकोल. थर्माकोल वाळूचे कण आणि रंगाचे थेंब गिळतो, २ मिमीचा तिढा नाही. टाकीला खाली प्लॅस्टिकची कड असेल तर थर्माकोल घालूच नका: भार कडेवरच राहायला हवा, थर्माकोल मधूनही तळाला वर रेटतो.