पाळणाघरातल्या छोट्यांसोबत नाताळसाठी भिंत सजवायची आहे, काय काय करता येईल?

रंगपेटी:
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. मी पाळणाघरात काम करते, आमच्याकडे दीड ते पाच वर्षांची मुलं एकाच हॉलमध्ये असतात आणि यंदा नाताळला हॉलची एक मोठी भिंत मुलांकडूनच सजवून घ्यायचं ठरलंय. नेटवर शोधलं की इतकं सुबक काही काही दिसतं की ते मोठ्यांनीच केलंय हे लगेच कळतं, मला तसं नकोय, भिंतीवर मुलांचा हात दिसला पाहिजे. पण एवढ्या वेगवेगळ्या वयाच्या मुलांना एकत्र घेऊन नक्की काय करायचं ते सुचत नाहीये. भिंतीचा रंगही निघायला नको. तीन आठवडे हाताशी आहेत. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

पुठ्ठेवाली:
तीन आठवडे आहेत म्हणजे मस्तच, एका दिवसात उरकायला जाऊ नका, भिंत रोज थोडी थोडी वाढू द्या.
आधी भिंतीवर ब्राऊन पेपरचा रोल आडवा लावून घ्या, मुलांच्या छातीच्या उंचीवर, आणि कडांना फक्त मास्किंग टेप, सेलोटेप किंवा दोन्हीकडून चिकटणारा टेप अजिबात नको, तो काढताना पोपडे निघतात. मग जे काही चिकटवायचं, रंगवायचं ते त्या कागदावर, भिंतीला हात लागतच नाही आणि शेवटी सगळं गुंडाळून ठेवता येतं.
मी एकच नियम पाळते, बाहेरचा मोठा आकार आपण काढायचा आणि आतलं सगळं मुलांनी भरायचं. म्हणजे ब्राऊन पेपरवर तुम्ही खडूने झाडाचा मोठा त्रिकोण काढा, आणि मुलांना हिरवे कागद फाडायला द्या. फाडायला, कापायला नाही! जुनी मासिकं, टिशू पेपर, क्रेप, गिफ्टचे कागद, जे हिरवं सापडेल ते. दोन वर्षांचं मूल कात्री चालवू शकत नाही पण दोन्ही हातांच्या चिमटीत धरून कागद टर्रकन फाडायला त्याला जाम आवडतं, आणि बोटांना जी ताकद येते ती पुढे कात्री आणि पेन्सिल धरताना कामाला येते. फाटलेल्या कडा एकावर एक बसल्या की झाड असं काही भरगच्च दिसतं की कापलेल्या कागदाने ते येणारच नाही. हिरव्याच्या पाच-सहा छटा ठेवा, एकाच हिरव्याने सपाट वाटतं.
गम मुलांच्या हातात ट्यूबमधून देऊ नका, झाकणात थोडा काढा आणि जाडा ब्रश द्या, आणि गम कागदाच्या तुकड्याला न लावता थेट भिंतीवरच्या झाडाला फासू द्या, मग तुकडा नुसता दाबायचा. लहानांना हे फार सोपं जातं.

कापूसकोंडा:
पुठ्ठेवालींना अनुमोदन. दीड-दोन वर्षांच्यांसाठी मात्र गम पण नकोच. पुस्तकांना कव्हर घालायचा जो पारदर्शक चिकट रोल मिळतो ना, तो चिकट बाजू बाहेर करून मास्किंग टेपने लावा, अगदी खाली, बसलेल्या बाळाचा हात पोचेल असा. मग समोर टिशूचे तुकडे, लोकरीचे बोटभर तुकडे, कापडाच्या चिंध्या, कापूस ठेवून द्या. ते लावतात, ओढून काढतात, परत लावतात, बराच वेळ मन रमतं आणि पुसापुशी शून्य. कापूस मात्र समोर बसूनच द्यायचा, तोंडात जातो.

निळीशाई:
आमच्याकडे प्रिंट काढलेला सांता देतात, मुलं रंग भरतात आणि आम्ही कापून लावतो. सगळे एकसारखे दिसतात, भिंत नीटनेटकी वाटते, पालकही खूश होतात. यातही काही वाईट नाही असं मला वाटतं.

पुठ्ठेवाली:
@निळीशाई, वाईट नाहीच, पाच वर्षांच्यांना रेषेत रंगवायला आवडतंही. पण तीन वर्षांच्या मुलाला त्याचा सांता वीस सांतांमधून ओळखता येत नाही हो. तेच स्वतः डोळे चिकटवलेला सांता असेल, एक डोळा कपाळावर आणि एक दाढीत, तर ते दारातूनच पालकांना ओढत नेऊन दाखवतं. तो डोळा आपण नंतर हळूच सरकवायचा नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. मुलांना कळतं सरकवलेलं.
आणि पालकांचं म्हणाल तर भिंतीशेजारी एक छोटी चिठ्ठी लावा, ‘हे कागद मुलांनी स्वतः फाडून चिकटवले आहेत’. बघण्याची नजरच बदलते.

निळीशाई:
पटलं, चिठ्ठीची आयडिया घेते. हाताच्या ठशांचं झाड पण करा, ते सगळ्या वयांना जमतं. खालच्या ओळीत ७ ठसे, मग ६, ५ असं वर १ पर्यंत, बोटं खालच्या बाजूला म्हणजे फांद्या लोंबल्यासारखी दिसतात. एकूण २८ ठसे होतात, १४ मुलांचे दोन्ही हात. ठसे वेगळ्या कागदावर घेऊन कापून लावा, थेट भिंतीवरच्या कागदावर घ्यायला गेलं की बाळं मूठ मिटतात आणि सगळं फरफटतं. एक वर्षाच्या आसपासची असतील तर हाताऐवजी पाऊल घ्या, ते सोपं पडतं.

चिमणपाखरं:
उत्साहात सेफ्टी मागे पडते म्हणून लिहिते, कृपया नीट वाचा. तीन वर्षांखालची मुलं त्याच हॉलमध्ये असतील तर मोठ्यांसाठी म्हणूनसुद्धा मणी, टिकल्या, डोळ्यांच्या हलत्या गोट्या, छोटे पॉम्पॉम बाहेर काढू नका, चिकटवलेलं निघतं आणि रांगणाऱ्याला तेच आधी सापडतं. टॉयलेट रोलच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती तीनच्या आतल्या मुलाच्या घशात अडकू शकते, ही घरच्या घरी करायची सोपी चाचणी. सुटी चमकी पण नको, डोळ्यात गेली की बुबुळाला ओरखडे पडू शकतात.
बटण सेलवर चालणारे छोटे दिवे लोक हौसेने लावतात, ते तर नकोच नको. तो सेल गिळला गेला तर अन्ननलिकेत दोन तासांच्या आत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. कोणी गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता थेट हॉस्पिटल.
माळा, लोंबणारे दोरे पोरांच्या हाताला लागणार नाहीत इतके वर. हॉली आणि मिसलटो या नाताळच्या सजावटीत वापरतात त्या वनस्पती, खरी हॉलीची लाल फळं किंवा मिसलटो कोणी आणलंच तर हॉलच्या बाहेर ठेवा, पोटात गेली तर त्रास होतो. कागद हीटर, प्लग आणि बाहेर जायच्या दारापासून लांब ठेवा.

रंगपेटी:
बापरे, बटण सेलचं माझ्या डोक्यातच नव्हतं, खूप खूप आभार! अजून दोन प्रश्न. एक मुलगा रंगाला हातच लावत नाही, हात ओला झाला की रडतो, त्याचा ठसा कसा घेऊ? आणि चार-पाच वर्षांच्यांचं काम दहा मिनिटांत संपतं, त्यांना वेगळं काय देऊ?

कापूसकोंडा:
ठसा घेऊच नका त्याचा. हात कागदावर ठेवून पेन्सिलने बाहेरून गिरवा, तेही नको असेल तर मोज्याचा नाहीतर हातमोज्याचा ठसा, झाडात तोही तितकाच शोभतो. स्पंजचा तुकडा कपड्याच्या चिमट्यात पकडून द्या, हात कोरडा राहतो. किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात तळाला कागद घालून रंगात बुडवलेला टेनिसचा बॉल टाका आणि खोकं हलवायला द्या, रेघांचा सुरेख कागद तयार होतो, त्यातून मग चांदण्या कापा. पिंगपाँगचा बॉल घेऊ नका, तो लहानांच्या दृष्टीने छोटाच. पकडून हात रंगात बुडवायचा नाही एवढं मात्र सगळ्यांना सांगून ठेवा, पुढे रंगपेटी दिसली तरी ते मूल लांब पळेल.

पुठ्ठेवाली:
मोठ्यांना हिमकण द्या. आइसक्रीमच्या तीन काड्या मध्यात एकमेकींवर चिकटवल्या की आपोआप सहा हात होतात, आणि खरा हिमकणही सहा हातांचाच असतो कारण बर्फात पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात. कागदी घडीचे बहुतेक हिमकण आठ हातांचे निघतात, म्हणून मला काड्यांचे आवडतात. मोजून दाखवा मुलांना, एकदा कळलं की सगळीकडचे हात मोजत सुटतात. विल्सन बेंटली नावाच्या माणसाने १८८५ पासून सूक्ष्मदर्शकातून हिमकणांचे फोटो काढले, ते दाखवा, पोरं थक्क होतात. आडव्या छोट्या काड्या कुठे लावायच्या ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.
दुसरं म्हणजे त्यांना २४ पाकिटांची माळ करू द्या, डिसेंबरच्या १ ते २४ तारखा लिहिलेली, रोज एकाने उघडायचं आणि आत ‘आज झाडावर दोन पिवळ्या चांदण्या लावा’ असं काहीतरी काम. आकडे त्यांनीच लिहायचे, उलटा ४ आला तरी राहू दे. यामुळे भिंत रोज आपोआप वाढते आणि मोठ्यांना दहा मिनिटांत संपलं असं होत नाही.
गट मात्र तीन-चार मुलांचाच ठेवा, बाकीची दुसरीकडे खेळू देत. कोणी एक तुकडा चिकटवून उठून गेलं तर जाऊ द्या, परत येतं. प्रत्येक कामामागे नाव आणि तारीख टाका.

चिमणपाखरं:
एक राहिलं. सगळ्यांच्या घरी नाताळ नसतो, पालकांना आधी विचारून घ्या. ज्यांना झाड, सांता नको त्यांच्या मुलांसाठी त्याच भिंतीवर बर्फ, चांदण्या, पक्षी असा हिवाळ्याचा भाग ठेवा, वेगळ्या कोपऱ्यात नाही, मधोमध. मुलांचे चेहरे दिसणारे फोटो लावणार असाल तर त्याचीही परवानगी.

रंगपेटी:
सगळ्यांचे मनापासून आभार. मग असं करते, पहिल्या आठवड्यात ब्राऊन पेपर आणि फाडलेल्या कागदाचं झाड, खाली छोट्यांची चिकट पट्टी, आकाश हिवाळ्याचं, आणि पाकिटांची माळ १ तारखेपासून. ठसे दुसऱ्या आठवड्यात. ठशांना पोस्टर कलर चालेल ना? कपड्यांवर डाग राहतात म्हणून पालक बोलतात.

निळीशाई:
चालेल, पण पाकिटावर धुऊन निघणारा आणि विषारी नसलेला असं लिहिलेला बघून घ्या. बशीत काढल्यावर त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब घाला, हातावरून आणि कपड्यांवरूनही लवकर निघतो. लाल रंग सगळ्यात हट्टी, तो शेवटच्या दिवशी ठेवा आणि त्या दिवशी जुने शर्ट घालून पाठवायला सांगा.