छत्तिसाव्या वर्षी बी.एड. करू का?

कोपरखैरणेची_रसायनवाली:
नमस्कार. वय ३६, बी.एस्सी. केमिस्ट्री, ५८ टक्के. तुर्भे एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकरा वर्षं क्यूसी म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये होते. गेल्या वर्षी युनिट बंद झालं. आता घरी सहावी-सातवीच्या नऊ मुलांच्या शिकवण्या घेते. परवा हळदीच्या पाण्यात कागद भिजवून वाळवले आणि मुलांना साबणाच्या पाण्याचा थेंब टाकायला सांगितला. कागद लाल झाल्यावर एक मुलगी म्हणाली, "टीचर, आता लिंबू टाकू?" पिवळा परत आला तेव्हा सगळी ओरडली. तेव्हापासून डोक्यात हेच आहे. पण सासरी सगळे म्हणतात, दोन वर्षं बी.एड.ला घालवून चाळिशीला कोण घेणार? खरं काय ते सांगा.

किसननगर_सर:
ताई, माझंच सांगतो. इंजिनिअरिंगला दुसऱ्या वर्षी अडकलो, सोडलं. किसननगरला झेरॉक्सचं दुकान टाकलं, ते २०२० च्या लॉकडाउनमध्ये गेलं. त्याआधी मुक्त विद्यापीठातून इतिहास घेऊन बी.ए. पूर्ण केलं होतं, दुकानात गिऱ्हाईक नसताना वाचून. बी.एड.ला बसलो तेव्हा मी ३७ चा होतो. वर्गात माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान मुलं.

सराव पाठाला सातवीचा वर्ग मिळाला. फळ्यावर लिहिलं, १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर. मागच्या बाकावरचा कळव्याचा एक मुलगा, ज्याच्या वहीत तोवर एक ओळ नव्हती, उठून म्हणाला, "सर, मग आमच्या कळव्याला गाडी कधी आली? मध्ये खाडी आहे ना." मला येत नव्हतं. "उद्या सांगतो," म्हटलं. माझ्या मार्गदर्शक बाई मागे बसल्या होत्या, वाटलं गुण गेले. रात्री शोधलं: पुढच्याच वर्षी, १८५४ ला, खाडीवर पूल बांधून गाडी कल्याणपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी तो दारातच उभा होता. बाईंनी माझ्या वहीत त्या पाठावर शेरा लिहिला होता, "उत्तर शोधून आणले." ती वही अजून माझ्या कपाटात आहे.

आज एका विनाअनुदानित शाळेत आहे. सुरुवातीचा पगार १४ हजार होता, दुकानात चांगल्या महिन्यात याहून जास्त सुटायचे. घरी हे आधी स्पष्ट बोलून घ्या. पहिलं वर्ष आम्ही बायकोच्या पगारावर काढलं, ते मी विसरत नाही.

एक कळकळीचं सांगणं. नऊ मुलं आणि पंचावन्नचा वर्ग यात फार फरक. फॉर्म भरण्याआधी ओळखीच्या शाळेत मुख्याध्यापकांना विचारून आठवडाभर मागे बसा. दुपारच्या सुट्टीनंतरचा तास नक्की बघा. तरीही हळदीचा कागद काढावासा वाटला, तर बिनधास्त जा.

ऐरोली_२२:
सरांच्या म्हणण्यात भर. तुमचे ५० टक्क्यांच्या वर आहेत, पदवीची अट पूर्ण होते. आधी बी.एड.ची सीईटी द्यावी लागेल. पहिली ते पाचवीला आता बी.एड. चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२३ चा निकाल आहे, तिथे डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकांची पदविका लागते. तुम्ही सहावी ते आठवीवर लक्ष ठेवा: टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पेपर २, गणित-विज्ञान. १५० पैकी ९० हवेत, आरक्षित प्रवर्गाला सूट आहे. एकदा पास झालात की प्रमाणपत्राला आता सात वर्षांची मुदत नाही. मात्र सरकारी भरतीत खुल्या प्रवर्गाला ३८ ची वयोमर्यादा असते, म्हणजे तुमच्यासाठी खाजगी शाळांचा रस्ता जास्त मोकळा.

कोपरखैरणेची_रसायनवाली:
सर, तुमचा कळव्याचा मुलगा नवऱ्याला वाचून दाखवला. तो काही बोलला नाही, पण रात्री स्वतःच हिशोबाची वही काढून बसला. आमच्या सेक्टरमधल्या शाळेत सोमवारपासून मागे बसायची परवानगी मिळाली. सातवी ब, बावन्न मुलं. वर्ग कसा गेला ते इथेच लिहीन.