सालदाराच्या मुलाला मालवणला नेतोय, विम्याच्या फॉर्मवर नातं काय लिहू?

पऱ्हाटीवाला:

नमस्कार मंडळी. मी वर्धा जिल्ह्यात पुलगावकडचा. घरची शेती, कापूस अन् तूर. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि मुलगा, मालवण-तारकर्लीला चाललोय. यंदा सोबत आमच्या सालदाराचा, म्हणजे सालभर शेतावर कामाला असलेल्या माणसाचा, मुलगा येणार आहे. दोन्ही पोट्टे एकाच वर्गात, सहावीत, वय ११. शाळेत जाताना एकाच सायकलवर. आमच्याचं म्हणणं, तो नसेल तर मीही येत नाही.

त्याच्या बापाला विचारलं. तो म्हणे, "तुमच्यासंगं जाते तं मले कायची फिकर? समुद्र पाहून येऊ द्या त्याले." खरं सांगतो, त्याला फिकर नाही म्हणूनच मला जास्त वाटते. आपलं लेकरू पडलं-झडलं तर आपण आणि आपलं नशीब. दुसऱ्याचं लेकरू, त्यातही आपल्याकडे कामाला असलेल्या माणसाचं. उद्या काही झालं तर तो मला एका शब्दाने विचारणार नाही, आणि तेच मला नको आहे.

म्हणून चौघांचा प्रवासविमा काढायला बसलो. फॉर्मवर नात्याच्या रकान्यात पती-पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील एवढंच. तालुक्यातल्या ओळखीच्या एजंटला फोन केला, तर म्हणे "पुतण्या लिहून टाका, कोण पाहते?" मन मानत नाही. आडनावं वेगळी, आधार वेगळं.

तर प्रश्न असे. पुतण्या लिहिलं तर पुढे क्लेम अडेल का? दुसरा मार्ग काय? पैसे मिळायची वेळ आलीच (न येवो) तर ते त्याच्या आईबापालाच मिळाले पाहिजेत, माझ्या खात्यात नकोत. आणि तिकडे दवाखान्यात सही करायची वेळ आली तर मी चालतो का?

---

हिशेबनीस:

भाऊ, अजिबात लिहू नका पुतण्या. पॉलिसी देताना खरंच कोणी पाहत नाही. क्लेम आला की मग पाहतात, आधार, शाळेचा दाखला, रेशनकार्ड सगळं. खोटी माहिती दिली एवढं कारण त्यांना पुरतं. एजंटचं कमिशन तोवर होऊन गेलेलं असतं.

सरळ रस्ता: तुमच्या तिघांची पॉलिसी वेगळी, मुलाची एकट्याची वेगळी. त्याच्या पॉलिसीत प्रस्तावक (म्हणजे पॉलिसी घेणारा) म्हणून त्याचे वडील, नॉमिनी त्याची आई. मग तुमचं नातं कुठे लिहायचा प्रश्नच उरत नाही. हप्ता तुम्हाला द्यायचा असेल तर वडिलांच्या हातात द्या, पण भरणा त्यांच्या खात्यातून आणि ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर येऊ द्या. आणि पॉलिसीत काय आहे ते वाचा. देशातल्या प्रवासाच्या स्वस्त पॉलिसीत बहुतेकदा अपघात असतो, साधं आजारपण नसतं. पोराला तिथे ताप आला आणि भरती करावं लागलं तर तो खर्च धरलाय का, हे विचारून घ्या.

बडनेरा_जंक्शन:

रेल्वेने जाताय ना? मग आयआरसीटीसीवर तिकीट काढताना विम्याच्या चौकटीत खूण आहे की नाही ते बघा. माणशी ४५ पैसे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर १० लाख, दवाखान्याला २ लाखांपर्यंत. खिडकीवरच्या तिकिटाला हा विमा नाही, म्हणून ऑनलाइनच काढा. ११ वर्षांच्या मुलाला बर्थ हवा तर पूर्ण तिकीट लागतं, अर्ध्यात बर्थ मिळत नाही.

लोक चुकतात ते पुढे. तिकीट निघाल्यावर विमा कंपनीकडून नॉमिनी भरायची लिंक येते, आणि ती येते तिकीट काढणाऱ्याच्या मोबाइलवर. म्हणजे तुमच्या. बहुतेक जण ती उघडतच नाहीत. तुम्ही उघडा आणि त्या मुलाच्या नावासमोर त्याच्या आईचं नाव टाका. फक्त हा विमा रेल्वेच्या अपघातापुरता आहे. कुडाळ स्टेशनला उतरलात की संपला.

स्टेशनपर्यंत स्वतःच्या गाडीने जाणार असाल तर तिचाही कागद काढून बघा. नुसता थर्ड पार्टी असेल तर खाजगी गाडीत बसलेल्यांना त्याचा उपयोग नाही.

सिस्टर_वर्धा:

दादा, सहीचं सांगते. जीवावरचं असेल तर डॉक्टर सहीसाठी थांबत नाहीत, थांबूही नये; १९८९ मध्येच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की तातडीचा उपचार आधी. आणि १२ वर्षांच्या आतलं मूल ज्याच्या ताब्यात रीतसर दिलंय त्याची संमती कायदा मानतो. पण ताब्यात दिलंय हे कागदावर दिसू द्या. आईवडील दोघांच्या सहीचं साधं पत्र घ्या: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मुलाला यांच्यासोबत पाठवत आहोत, गरज पडल्यास उपचाराला संमती. खाली दोघांचे फोन नंबर, सोबत आधारची झेरॉक्स.

दुसरं, सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी झाली आहे का? आपल्या भागात हे विचारल्याशिवाय कोणतंही लेकरू लांब पाठवू नये. तपासणीच्या कार्डावर एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजार असेल तर ते विम्याच्या फॉर्मवर लिहावंच लागेल, आणि मे महिन्यात चोवीस तास गाडीत पाणी कमी पडलं तर दुखणं उठू शकतं. एएस म्हणजे नुसता वाहक असेल तर एवढी काळजी नाही.

रेशनकार्डावर त्याचं नाव आहे का तेही बघा. महात्मा फुले जनआरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून सगळ्या रेशनकार्डधारक कुटुंबांना आहे, वर्षाला ५ लाखांपर्यंत. सिंधुदुर्गही महाराष्ट्रातच आहे, योजनेतल्या दवाखान्यात तिथेही चालते. विमा काढा, पण हेही बॅगेत ठेवा.

गावकरी१९७१:

एवढं झेंगट कशाला? आमच्या काळात सगळ्या गावची पोरं एका ट्रॅक्टरमध्ये बसून शेगावला जायची. कोणता विमा?

पऱ्हाटीवाला:

@गावकरी, मीही होतो की अशाच ट्रॅक्टरमध्ये. एकदा ट्रॉली उलटली होती. माझ्या हनुवटीवर टाके आहेत.

@सिस्टर, ताई, कार्ड शोधायला लावलं. पत्र्याच्या पेटीत, लग्नपत्रिकांखाली सापडलं. एएस आहे. रेशनकार्डावर नाव आहे, पण धाकट्या बहिणीचं नाही, ते आता करून घेतो.

माडाखाली:

मालवणातून लिहितोय. स्कूबा करणार का? बहुतेक प्रवासविम्यात साहसी खेळ धरत नाहीत, वेगळं कव्हर घ्यावं लागतं. किनाऱ्यावर जो फॉर्म भरून घेतात तो तुमचा विमा नव्हे, बहुतेक ती "जबाबदारी आमची नाही" अशी हमी असते. दुसऱ्याच्या मुलासाठी तुम्ही त्यावर सही करू नये असं माझं स्पष्ट मत. २०२२च्या मे महिन्यातच तारकर्लीला स्कूबाची बोट उलटून दोन पर्यटक गेले. बोटीत बसलात तर लाइफ जॅकेट आधी, फोटो नंतर. आमच्याकडचा गंभीर पेशंट गोव्याला बांबोळीला नेतात, म्हणजे राज्य बदलतं. तेव्हा गोव्यात कॅशलेस कुठे चालतं ते कंपनीकडून लिहून घ्या.

पऱ्हाटीवाला:

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगतो.

काल संध्याकाळी त्याच्या घरी बसून बापाच्या मोबाइलवरून पॉलिसी काढली. प्रस्तावक तो, नॉमिनी आई. ओटीपी यायला पाऊण तास, कारण रेंज फक्त विहिरीजवळ. आजारपणाचं भरती होणंही धरलेली घेतली, थोडी महाग पडली. नातं विचारणाऱ्या रकान्यात त्याने स्वतः "मुलगा" निवडलं आणि माझ्याकडे पाहून हसला. मला त्या एजंटची आठवण आली.

रेल्वेची लिंकही उघडली, आईचं नाव टाकलं. तिचं आधारवरचं नाव मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं, सगळे तिला पोराच्या नावानेच ओळखतात.

संमतीचं पत्र मी लिहून नेलं होतं. बापाने न वाचता सही केली. तिने मात्र दोनदा वाचायला लावलं, मग म्हणाली, "याच्यात लिवा, पान्यात गुडघ्याच्या वर नाही." लिहिलं. त्याखाली तिने सही केली.

तेव्हा स्कूबा दोघांचंही रद्द. आमचे चिरंजीव सकाळपासून जेवले नाहीत.